हूल कुणाला द्यायची?

कबड्डीच्या नियमांत एक मजेदार कलम आहे: अंगाला तेल किंवा बुळबुळीत काहीही लावून मैदानात उतरायचं नाही. शेजारीच दुसरं: नखं नीट कापलेली हवीत. कुणीतरी कधीतरी तेल चोपडून पकडीतून सुळकन निसटल्याशिवाय असलं कलम कोण लिहील? नियमपुस्तक म्हणजे लबाड्यांचा इतिहासच!

पनवेलपासून अलिबागपर्यंत रायगडच्या गावोगावी मुरलेल्या या खेळाचं खरं नवल चढाईपटूच्या छातीत आहे. ‘कबड्डी, कबड्डी’चा दम प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात शिरण्याआधी सुरू व्हायला हवा आणि परतेपर्यंत तुटता कामा नये. तुटला की बाद. चढाईला आता 30 सेकंदांची मर्यादा आहे; पण दम टिकला की नाही, हे पंचाचे कानच ठरवतात. हळूच श्वास चोरण्याचा मोह किती मोठा असेल!

आणि तरीही फसवाफसवी हाच या खेळाचा प्राण. नजर उजव्या कोपऱ्यावर, झेप डावीकडे. बोनस रेषा ओलांडण्याची हूल द्यायची आणि हाताने गडी टिपायचा. यावर टाळ्या पडतात, श्वासचोरीवर शिव्या. असं का? हूल समोरच्या गड्याला दिलेली असते. ती येणार हे त्याला ठाऊक असतं, उत्तरही त्याच्या हातात असतं. श्वासचोरी पंचाला फसवते. तिच्यावर कुठल्याही बचावपटूकडे उतारा नाही.

वेळकाढूपणा मात्र या दोहोंच्या मधला. आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू समोरच्या अंगणातली किमान गाठायची निदान रेषा ओलांडायचा आणि गुणाच्या फंदात न पडता परतायचा. नियमभंग शून्य, खेळाचा मात्र जीव जायचा. म्हणून तिसऱ्या चढाईचा नियम आला: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवा, नाहीतर बाद व्हा. गंमत म्हणजे संघांनी त्याचाही डाव केला. आता दोन चढाया मुद्दाम रिकाम्या सोडून तिसरीसाठी ठरलेला गडी पाठवतात!

पण कधीकधी घोळ नियमातच असतो. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ, आशियाई क्रीडा स्पर्धेतली पुरुष कबड्डीची अंतिम लढत. भारत-इराण 28-28, शेवटची दोन मिनिटं. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे स्पर्श झाल्यावरच खुल्या होणाऱ्या कडेच्या पट्टीत गेला. इराणचे बचावपटू त्याच्यामागे लॉबीत शिरले. एका नियमानुसार तेही बाद, दुसऱ्यानुसार फक्त पवन. खेळ जवळपास तासभर थांबला. अखेर भारताला चार गुण, इराणला एक. उरलेला खेळ संपला तेव्हा भारत 33-29 असा जिंकला.

इथं लबाडी कुणीच केली नव्हती. तरी जिंकणाऱ्यालाही वादाचं गालबोट लागलंच. हुलीत हरलेला गडी दुसऱ्या दिवशी सरावाला जातो, कारण नेमकं काय चुकलं हे त्याला कळलेलं असतं. नियमच दोन निघाले, तर त्यानं सराव कशाचा करायचा?