सोळावा आठवडा म्हणजे नेमका केव्हा?

“आठ दिवसांनी या,” असे एखाद्या कचेरीतला कारकून सांगतो. आज सोमवार असेल तर आपण पुढच्या सोमवारी जातो. दिवस सात, पण आजचा धरून मोजला की आठवा. आठवडा या शब्दातच ते आठ बसलेले आहेत. दोन आठवड्यांना आपण चौदा दिवस न म्हणता पंधरा दिवस म्हणतो. गंमत म्हणजे फ्रेंच माणूसही बोलताना आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवसच म्हणतो. तेव्हा ही आपलीच खोड आहे असे कोणी समजू नये.

बोलण्यातला हा हिशोब कोणाला अडवत नाही. अडचण होते ती आठवड्याला आकडा दिला म्हणजे. चाकण, पिंपरी-चिंचवड, वाळूज या भागांत जर्मन कंपन्या व त्यांना सुटे भाग पुरविणारे कारखाने आहेत. जर्मनीत माल केव्हा हवा हे तारखेऐवजी आठवड्याच्या आकड्याने सांगण्याची रीत आहे. कागदावर ‘केडब्ल्यू १६’ असे लिहितात, म्हणजे कॅलेंडरचा सोळावा आठवडा. आता हा सोळावा आठवडा कोणत्या तारखेला सुरू होतो? याचे उत्तर देशागणिक बदलते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

मुळात आठवडा सुरू कोठे होतो यावरच जगाचे एकमत नाही. पोर्तुगीज भाषेत सोमवारला ‘दुसरा’ म्हणतात, म्हणजे पहिला रविवार झाला. रशियन भाषेत मंगळवारच्या नावात ‘दुसरा’ आहे, म्हणजे पहिला सोमवार. चिनी लोक सोमवारला सरळ आठवड्याचा ‘एक’ म्हणतात. इराणात शनिवारी आठवडा उघडतो, रविवार हा ‘एक-शंबे’, सोमवार ‘दो-शंबे’, आणि सुटी शुक्रवारी. संयुक्त अरब अमिरातीने तर २०२२ च्या जानेवारीपासून आपली सुटीच हलविली. पूर्वी शुक्रवार-शनिवार होती, ती शनिवार-रविवार केली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम ठेवले. तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना घरी फोन करण्याचा वारसुद्धा त्यामुळे बदलावा लागला असेल! आपल्या वारांची नावे सूर्य, चंद्र व ग्रहांवरून आलेली असल्यामुळे त्यांत आकडा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार आधी छापतात, आणि शाळा मात्र सोमवारी सुरू होते.

यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, कष्टकऱ्याच्या पगारात बिघडू शकते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १८९० साली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना कायद्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले गेले, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याचे जास्तीत जास्त तास ५४ वरून ४८ झाले. पण “आठवड्याचे ४८ तास” म्हणताना कोणता आठवडा? १९४८ च्या कारखाना कायद्याने ते सांगून ठेवले होते. शनिवारच्या मध्यरात्रीपासून पुढचे सात दिवस, किंवा मुख्य कारखाना निरीक्षकाने त्या भागापुरती लेखी मान्य केलेली दुसरी रात्र. हा कायदा २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला, नंतर त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली.

ही व्याख्या म्हणजे वकिली शब्दांचा खेळ नव्हे. एखाद्याने बुधवारपासून मंगळवारपर्यंत सलग सात दिवस रोज आठ तास काम केले तर ५६ तास भरतात, म्हणजे आठ तास जादा. पण शनिवारी मध्यरात्री आठवडा तोडला की त्यांतले ३२ तास एका आठवड्यात व २४ तास दुसऱ्यात पडतात. उरलेल्या दिवशी त्याला घरी बसविले असेल तर आठवड्याच्या हिशोबाने दोन्हीकडे ४८ च्या आतच, आणि ओव्हरटाइम शून्य. आठवडा तोडण्याची जागा मालकाला सोयीप्रमाणे दर वेळी सरकविता आली असती तर काय झाले असते हे सांगावयास नको. आपल्या हजेरीपत्रकावर आठवडा कोठे तुटतो हे प्रत्येक कामगाराने विचारून घ्यावे. विचारण्यात लाज नाही.

आता आकड्यांकडे येऊ. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली ‘आयएसओ ८६०१’ या नावाने नियम प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. गुरुवारच का? कारण तो सोमवार ते रविवार यांच्या बरोबर मधला वार होय. ज्या वर्षाकडे गुरुवार, त्या वर्षाकडे त्या आठवड्याचे निदान चार दिवस. बहुमताचाच न्याय म्हणा ना! एवढे लक्षात ठेवायचे नसेल तर ४ जानेवारी लक्षात ठेवावी. ती नेहमी पहिल्याच आठवड्यात असते.

अमेरिकेतली रूढ रीत निराळी. तेथे आठवडा रविवारी सुरू होतो व १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तोच पहिला, मग त्यात वर्षाचा एकच दिवस का असेना.

दोन्ही रीती आपल्या ओळखीच्या तारखांना लावून पाहू. २०२६ ची १४ एप्रिल मंगळवारी येते. आयएसओ म्हणते सोळावा आठवडा, अमेरिकाही म्हणते सोळावा. त्या वर्षी भांडण फक्त रविवारचे. ६ डिसेंबर २०२६ ला रविवार आहे, तो आयएसओच्या मते ४९ व्या आठवड्याचा शेवट आणि अमेरिकेच्या मते ५० व्याची सुरुवात. २०२७ मध्ये मात्र १ जानेवारी शुक्रवारी येत असल्यामुळे गाडी वर्षभर एका डब्याने पुढे-मागे राहते. १४ एप्रिल २०२७ हा आयएसओचा पंधरावा आठवडा, अमेरिकेचा सोळावा. ‘सोळाव्या आठवड्यात माल पाठवा’ एवढेच लिहिले तर एकाचा माल सात दिवस उशिरा गेलाच म्हणून समजा.

शिवाय आयएसओच्या वर्षात कधी ५२ तर कधी ५३ आठवडे असतात. २०१५, २०२० आणि २०२६ ही ५३ ची वर्षे. चारशे वर्षांत अशी ७१ वर्षे येतात.

एमएस-सीआयटी केलेल्या मुला-मुलींनी येथे सावध राहावे. एक्सेलमधले ‘वीकनम’ हे सूत्र, काही वेगळे सांगितले नाही तर, अमेरिकन आकडा देते. आयएसओचा आकडा हवा असेल तर ‘आयएसओवीकनम’ लिहावे लागते, ते २०१३ च्या आवृत्तीपासून मिळते.

स्वीडन-डेन्मार्कमध्ये मात्र हा आकडा कारखान्यापुरता नाही, घराघरात बोलला जातो. स्टॉकहोमच्या शाळांना नवव्या आठवड्यात हिवाळी सुटी असते, डेन्मार्कच्या मुलांना शरद ऋतूची सुटी बेचाळिसाव्यात. आपल्याकडे “दिवाळीच्या सुटीत या” म्हणतात तसे तेथे “बेचाळीसमध्ये या” म्हणत असतील.

आपल्या घराजवळ हा आकडा पाहायचा असेल तर रिक्षाचा टायर पाहावा. आमच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्या बंधूंना एका दुकानाने ‘नवाकोरा’ म्हणून टायर दिला. त्यांच्या दहावीतल्या मुलीने त्यावरचे आकडे वाचले तेव्हा तो चार वर्षे गोदामात पडून होता हे कळले. टायर रस्त्यावर फिरला नाही तरी रबर जुने होते, कडक होते, भेगाळते. टायरच्या बाजूला लांबलचक अक्षरे व आकडे असतात, त्यांत शेवटी चार आकडे येतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३५२१ असेल तर २०२१ सालचा ३५ वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. येथे अमेरिकन वाहतूक खात्याची आणखी तिसरीच रीत आहे. रविवार ते शनिवार असा वर्षातला पहिला पूर्ण आठवडा तो पहिला. पण टायर घेताना चार-सहा दिवसांनी काही अडत नाही, साल पाहावे.

दुकानदार “आकडा नाहीच” म्हणाला तर टायर उलटा करावयास सांगावे. चार आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, आणि बसविलेल्या टायरवर ती बाजू आत गेलेली असू शकते. तेव्हा खाली वाकून, बॅटरी लावून पाहावे.