स्वमग्न मूल आणि शाळेची पूर्वतयारी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें आज अमेरिकेंत संसार थाटून आहेत, आणि नातवंडांच्या शाळेच्या गोष्टी येथील आजीआजोबांच्या कानीं नित्य पडत असतात. अशा एखाद्या घरीं एके दिवशीं निरोप येतो कीं, शाळेनें नातवाची तपासणी करविली व त्याला ऑटिझम आहे असें ठरलें. ऐकतांच घर चरकतें. कोणी पत्रिका काढतो, कोणी सुनेच्या नोकरीकडे बोट दाखवितो, तर कोणी म्हणतो, "आमचे तात्याही पांच वर्षांपर्यंत बोलत नव्हते, होईल आपोआप." ह्या तिहींपैकीं एकही उत्तर मुलाच्या उपयोगीं पडत नाहीं. त्याच्या उपयोगीं पडते ती शाळेची तयारी. आणि तिजविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हें वेड नव्हे. मेंदूच्या वाढीची ती एक निराळी ठेवण आहे. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचें वर्णन केलें. पुढें कित्येक वर्षें, आईच्या कोरड्या वागणुकीमुळें मूल असें होतें, हा समज तज्ज्ञांतही बोकाळला होता. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, आपल्या ग्रंथांत त्यावर घाव घातला. आज तो समज शास्त्रानें टाकून दिला आहे. तेव्हां सुनेकडे वळलेलें बोट आधीं आवरावें, हें उत्तम.

अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्यानें निवडक ठिकाणीं केलेल्या पाहणींत, २००० सालीं आठ वर्षांच्या १५० मुलांमागें एक मूल स्वमग्न आढळलें. २०२२ सालच्या पाहणींत हें प्रमाण ३१ मुलांमागें एक असें झालें. व्याख्या रुंदावली, लहान वयांतच तपासणी होऊं लागली, आणि पूर्वीं 'हट्टी' किंवा 'मंद' म्हणून कोपऱ्यांत बसविलेलीं मुलें ओळखूं येऊं लागलीं, हें ह्या वाढीचें एक मोठें कारण होय. लसींमुळें हें होतें हा प्रवाद मोठमोठ्या पाहण्यांनीं खोटा ठरविला आहे.

ह्या मुलांचा भार पडतो तो तेथील 'स्कूल डिस्ट्रिक्ट'वर. हा आपल्या महसुली जिल्ह्यासारखा नव्हे. एका गांवच्या किंवा परगण्याच्या शाळा चालविणारी ती स्थानिक संस्था होय. १९७५ सालच्या कायद्यानें अपंग मुलांस विनामूल्य व यथायोग्य शिक्षण देण्याचें बंधन सरकारी शाळांवर घातलें. १९९० सालीं त्यांत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख झाला. अशीं मुलें हुडकून काढण्याचें कामही डिस्ट्रिक्टचेंच आहे. प्रत्येक मुलाची लेखी शिक्षणयोजना आईबापांस बरोबर बसवून आंखावी लागते व निदान वर्षांतून एकदां तपासावी लागते. कोलोरॅडोंतील एका स्वमग्न मुलाच्या दाव्यांत २०१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं, नांवापुरती प्रगति पुरेशी नाहीं. त्या मुलाच्या परिस्थितीस साजेशी प्रगति होईल अशीच योजना असली पाहिजे.

परंतु कागद कितीही चोख असला तरी मूल कागदांत राहत नाहीं. तें शाळेंत राहतें. तज्ज्ञ बाई आठवड्यांतून तासभर येतात. उरलेला काळ मूल वर्गशिक्षक, मदतनीस, बसचालक आणि जेवणघरांतील वाढपी ह्यांच्या सहवासांत काढतें. अचानक कर्कश घंटा झाली, रोजची जागा बदलली, कीं तें कान झांकून किंचाळतें. आणि ज्याला कारण ठाऊक नाहीं तो त्यास उद्धटपणा समजून शिक्षा करतो. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, संख्या वाढत असतां डिस्ट्रिक्टनें केवळ तज्ज्ञ वाढवून भागणार नाहीं. शाळेंतील प्रत्येक साध्या माणसास शिकविलें पाहिजे.

हें शिक्षण फारसें गूढ नाहीं. १९७२ पासून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत एरिक शॉप्लर ह्यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या 'टीच' ह्या कार्यक्रमानें त्याची वाट दाखविली आहे. दिवसाचा क्रम चित्रांनीं भिंतीवर मांडावा. कोणतें काम, किती आणि तें संपल्यावर काय, हें डोळ्यांना दिसावें. ह्याच धोरणानें इतरही सोयी करतां येतात. आगीच्या कवायतीची सूचना आधीं द्यावी. गोंगाट असह्य झाल्यास बसावयास एक शांत कोपरा असावा. बोलतां न येणाऱ्यास चित्रें किंवा यंत्र देऊन बोलतें करावें. कांहीं मुलांस लहानसा वेगळा वर्ग लागतो हें खरें. परंतु शक्य तितकें इतर मुलांबरोबरच शिकवावें, असें कायदाही सांगतो.

अडचण पैशाची आहे. जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वांटा उचलण्याची तरतूद मध्यवर्ती सरकारनें १९७५ सालींच केली. तेवढी रक्कम त्यानें आजवर कधींच पुरती दिलेली नाहीं. म्हणूनच हातीं असलेला पैसा आधीं माणसांच्या शिक्षणावर खर्चावा, असें आम्ही म्हणतों. कारण शिकलेला मदतनीस एका मुलापुरता राहत नाहीं, पुढच्या वर्षींच्या मुलासही तो उपयोगीं पडतो.

आणि आपण येथें बसून काय करावें? योजनेच्या सभेस आईबाप दोघांनींही जावें, असा आग्रह धरावा. मूल कशानें घाबरतें व कशांत रमतें, हें त्यांच्याइतकें कोणासच ठाऊक नसतें. "घरीं मराठी बोलूं नका, मुलाचा गोंधळ होईल," असा सल्ला कोणी दिला तर भिऊं नये; दोन भाषांमुळें स्वमग्न मुलाच्या भाषेच्या वाढीस अपाय होतो, असें संशोधनांत आढळून आलेलें नाहीं. आजीनें खुशाल मराठींतच बोलावें. नातू उत्तर देणार नाहीं कदाचित्, डोळ्यांस डोळाही भिडविणार नाहीं. पण तो ऐकत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये.