वस्तुमानाचे मूळ : हिग्ज क्षेत्र आणि हॉइल-नारळीकर सिद्धांत

सर्न प्रयोगशाळेने ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाचा शोध जाहीर केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा त्यातील सीएमएस प्रयोगात सहभाग होता. तेव्हापासून ‘सर्व पदार्थांना वस्तुमान हिग्जमुळे मिळते’ हे विधान वर्गात सर्रास केले जाते. ते अपुरे कसे आहे, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

भंडाऱ्याचे एक किलोग्रॅमचे पितळी भांडे घेऊ. त्याचे जवळजवळ सर्व वस्तुमान प्रोटॉन व न्यूट्रॉन यांत असते. प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. त्यातील तीन क्वार्कांची बेरीज मात्र जेमतेम ९ भरते. म्हणजेच हिग्ज क्षेत्रामुळे क्वार्कांना मिळालेले वस्तुमान या भांड्यात सुमारे दहा ग्रॅम. इलेक्ट्रॉनांचा वाटा पाव ग्रॅमच्या आसपास. उरलेले सारे म्हणजे क्वार्कांची गती आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन क्षेत्र यांची ऊर्जा होय. तराजू हा भेद जाणत नाही. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षणाचे उगमस्थान केवळ वस्तुमान नसून ऊर्जा व संवेग हेही आहे. म्हणूनच वस्तुमानरहित प्रकाशही सूर्याजवळून जाताना वळतो. हिग्ज कणाला गुरुत्वाकर्षणाचा वाहक समजणे त्यामुळे चुकीचे ठरते. मूलकणांच्या प्रमाण प्रतिमानात गुरुत्वाकर्षणाचा समावेशच नाही.

हिग्ज यांचा निबंध १९६४ चा. त्याच वर्षी केंब्रिज येथे फ्रेड हॉइल आणि कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी मूलतः वेगळे उत्तर मांडले, हा योगायोग लक्षणीय आहे. माख यांच्या विचाराला अनुसरून त्यांनी कणाचे जडत्व विश्वातील इतर सर्व कणांशी जोडले. दुसरा कणच नसता, तर एकट्या कणाला वस्तुमानही नसते! गुरुत्वाकर्षण याच परस्परसंबंधातून निष्पन्न होते आणि कणांची संख्या प्रचंड असता समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांशी जुळतात.

या सिद्धांताला व्यापक मान्यता लाभली नाही. प्रायोगिक कौल हिग्ज यांच्या बाजूने गेला. तथापि इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ०.५११ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच का, हे हिग्ज यंत्रणा सांगत नाही. तो आकडा प्रयोगात मोजून समीकरणात घालावा लागतो.