नंदीबैलाची मान : प्राण्यांचे अध्ययन आणि तीन भाषांतील एक वाक्प्रचार

बंगळूर शहरातील चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये स्थापन झाली. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच भागात आहे. लगतच्या बसवनगुडीत दोड्ड बसवाचे, म्हणजे एकसंध पाषाणातील प्रचंड नंदीचे, मंदिर आहे. एकीकडे भाषेची संस्था आणि दुसरीकडे पाषाणाचा नंदी अशा या परिसरात, विशेषतः संक्रांतीच्या सुमारास, नंदीचे तिसरे एक रूप दारोदार फिरताना दिसते. अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घंटा आणि सोबत वाद्य वाजविणारा धनी. धनी प्रश्न विचारतो आणि बैल मान हलवितो. कन्नडमध्ये याला ‘कोले बसव’ म्हणतात. मराठी माणसाला ओळख पटण्यास वेळ लागत नाही, कारण हा त्याचा नंदीबैलच होय.

ही ओळख केवळ दृश्याची नाही. स्वतःचे मत नसलेल्या, दुसऱ्याच्या प्रत्येक बोलण्यास होकार देणाऱ्या माणसाला आपण ‘नंदीबैल’ म्हणतो. कन्नडमध्ये अशा माणसाविषयी ‘कोले बसवासारखी मान डोलावतो’ असे म्हटले जाते, तर तेलुगूत त्याला ‘गंगिरेद्दु’ या बैलाचीच उपमा देतात. महाराष्ट्रातील काही नंदीवाले समाजांची घरची भाषा तेलुगू आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. खेळ करणारे भाषांच्या सीमा ओलांडीत राहिले आणि त्यांच्या मागोमाग उपमाही तिन्ही भाषांत नांदू लागली, असे मानण्यास जागा आहे. तुलनात्मक अभ्यासकाला एवढे साम्य नोंदवून थांबता येईल. परंतु या वाक्प्रचारात एक विधान दडलेले आहे : बैलाला काही कळत नाही, तो नुसती मान हलवितो. हे विधान कितपत खरे आहे? साहित्याभ्यासाने सहसा न विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मानसशास्त्राची मदत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्राण्यांच्या बुद्धीविषयीचे ज्ञान मुख्यतः आख्यायिकांवर उभे होते. जॉर्ज रोमेन्स यांच्या १८८२ च्या ग्रंथात कुत्र्या-मांजरांच्या चातुर्याचे असंख्य किस्से संकलित आहेत. या पद्धतीवर निर्णायक आघात केला तो एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, १८९८ मधील आपल्या प्रबंधाद्वारे. त्याचा आक्षेप साहित्याच्या अभ्यासकाला जवळचा वाटावा असा आहे. कुत्री शेकडो वेळा वाट चुकतात, त्याची कोणी नोंद करीत नाही. एखादे दूरवरून घरी परतते आणि त्याची गोष्ट होते. म्हणजे आख्यायिका खोटी नसते, ती निवडलेली असते. निवेदनाचा हा स्वभावच पुराव्याच्या आड येतो.

थॉर्नडाइकने किश्शाच्या जागी प्रयोगांची मालिका ठेवली. भुकेल्या मांजराला लाकडी पेटीत कोंडावयाचे आणि अन्न बाहेर ठेवावयाचे. आतील दोरीचा फास ओढला किंवा खिटी दाबली की दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडते, चावते, धडपडते आणि या गडबडीत केव्हातरी योग्य क्रिया घडून जाते. पुढील प्रत्येक खेपेस लागलेला वेळ मोजला असता तो चढउतार होत हळूहळू कमी होत गेलेला दिसला. युक्ती समजली असती, तर वेळ एकदम घटून तेथेच स्थिरावला असता, असा त्याचा युक्तिवाद होता. समाधान देणारी क्रिया त्या परिस्थितीशी अधिक दृढ जोडली जाते, हा ‘परिणामाचा नियम’ त्याने १९११ च्या ग्रंथात मांडला.

पुढे पाव्हलॉव्हने कुत्र्यांच्या लाळस्रावावरील प्रयोगांतून अभिजात अभिसंधान स्पष्ट केले, तर बी. एफ. स्किनरने १९३८ च्या ग्रंथात साधक अभिसंधानाची मांडणी केली. मराठीत रूढ झालेली ही संज्ञाही विचार करण्याजोगी आहे. संस्कृतात ‘अभिसंधान’ या शब्दाला हेतू असाही अर्थ आहे आणि फसवणूक असाही. ज्या सिद्धान्ताने प्राण्याच्या वर्तनातून हेतूची कल्पना वगळण्याचा प्रयत्न केला, त्याचे मराठी नाव हेतू आणि फसगत या दोन्ही अर्थच्छटा वागवीत आले आहे.

स्किनरच्या मांडणीत तीन घटक असतात : प्रसंग सुचविणारे उद्दीपक, क्रिया आणि त्या क्रियेचे फळ. दिवा लागलेला असतानाच तरफ दाबल्यास अन्न मिळते, हे उंदीर शिकतो आणि अंधारात तरफ दाबणे सोडतो. याला विभेदन म्हणतात. नंदीबैलाकडे या दृष्टीने पाहिले, तर ‘यंदा पाऊस पडेल का?’ हा प्रश्न बैलासाठी उद्दीपक असण्याची गरजच नाही. दोरीचा ओढा, वाद्याची बदललेली लय, धन्याचा वळलेला खांदा यांपैकी एखादी खूण पुरेशी आहे.

खूण किती सूक्ष्म असू शकते, याचे उदाहरण बर्लिनमध्ये मिळाले. विल्हेल्म फॉन ऑस्टन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा करीत असे. १९०४ मध्ये कार्ल श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखालील समितीला त्यात लबाडी आढळली नाही. त्यानंतर ऑस्कर फुंग्स्टने बारकाईने प्रयोग केले आणि निष्कर्ष १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुके. खुराचे ठोके योग्य आकड्याशी पोहोचले की विचारणाऱ्याचे डोके किंचित वर उचलले जाई. ते त्याच्या ध्यानीही नसे, पण घोड्याच्या नजरेतून सुटत नसे. हान्सला गणित येत नव्हते; त्याला माणूस वाचता येत होता.

येथे वाक्प्रचाराचा अर्थ उलटतो. मान हलविणारा प्राणी बेसावध नसतो. खूण आली की हलावयाचे आणि नसेल तर थांबावयाचे, एवढा विवेक त्याला शिकावा लागतो. अभिसंधान म्हणजे निव्वळ यांत्रिक सवय, ही समजूतही आता टिकत नाही. रॉबर्ट रेस्कोर्लाने १९६८ मध्ये दाखविले की, ध्वनीसोबत विजेचा धक्का कितीही वेळा बसला, तरी ध्वनी नसतानाही धक्क्याचा संभव तितकाच असेल, तर उंदीर त्या ध्वनीला भीत नाहीत. केवळ साहचर्य पुरत नाही. खुणेने काही सांगितले पाहिजे. प्राणी खुणेतील माहिती घेतो.

मग होकार कोणाचा? बैल खुणेला प्रतिसाद देतो. त्या हालचालीला ‘हो’ हा अर्थ देतो तो प्रेक्षक. थॉर्नडाइकने आख्यायिकेवर घेतलेला आक्षेप येथेही लागू पडतो : जुळलेली भाकिते लक्षात राहतात, चुकलेल्यांची गोष्ट होत नाही. पंचतंत्रातील कोल्हा बोलतो तो लेखकाच्या संकेताने. ज्ञानेश्वरांच्या चरित्रकथेतील रेडा वेद म्हणतो, तेथे कथेला रेड्याचे शिक्षण अभिप्रेतच नाही. नंदीबैल या दोहोंहून निराळा आहे. तो प्रत्यक्ष प्राणी आहे, त्याचे शिकणे खरे आहे, आणि तरीही त्याच्यावर एक संहिता रचली जाते. साहित्यातील प्राण्यांचा तुलनात्मक विचार करताना संकेत, श्रद्धा आणि अध्ययन हे तीन स्तर वेगळे ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

चामराजपेटेतील दारापुढे उभा असलेला कोले बसव मान हलवितो, तेव्हा त्याची नजर आपल्या धन्याकडे असते. प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले असे वाटते ते आपल्याला. तीन भाषांनी मिळून बैलाच्या पदरी घातलेला अविचार, निदान अंशतः, त्याच्यापुढे प्रश्न घेऊन उभ्या राहणाऱ्यांचा आहे.