दोन पाय असताना लंगडी का?

पुण्यात विमानतळाकडे निघालात की येरवड्यात गोल्फ क्लब चौक लागतो. चौकाच्या नावाप्रमाणे तिथे गोल्फचं मैदानही आहे. त्या मैदानावर मोठी माणसं काय करतात, ठाऊक आहे? हातात काठी घेऊन एक पांढरा चेंडू लांबवरच्या चिमुकल्या खळग्यात घालायला बघतात. खळगा केवढा? जेमतेम 10.8 सेंटिमीटर रुंद. चेंडू कधी झाडीत घुसतो, कधी वाळूत रुततो, कधी पाण्यात डुबकी मारतो. तरी मंडळी टोपी सरळ करतात आणि पुन्हा काठी उगारतात.

आता मला सांगा, चेंडू खळग्यातच जायला हवा असेल, तर तो खिशात घालून चालत जावं आणि हळूच आत सोडून द्यावा. काठीची भानगड कशाला?

हसू नका! अगदी याच शंकेवर बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, 'द ग्रासहॉपर'. कॅनडातल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सूट्ससाहेबांचं म्हणणं असं, की खेळात आपण गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घेतो आणि ते ओलांडण्यातच मजा मानतो. गोल्फचं सोडा, आपली लंगडी घ्या. दोन्ही पाय ठणठणीत, तरी एक वर उचलून पळायचं! आणि कुणी हळूच दुसरा टेकवला तर "पाय लागला, पाय लागला!" असा गिल्ला होतो. सोपी वाट सगळ्यांना दिसत असते, पण ती धरली की खेळच संपतो.

व्हिडिओ गेम तर आतून-बाहेरून अडथळ्यांचेच बनलेले असतात. दरी, राक्षस, वेळ संपत आल्याची टिकटिक. आणि हे सगळं पार करून मिळतं काय? पडद्यावरची नाणी. त्यांचा वडापाव येत नाही. मग घराघरात रोज संध्याकाळी "आई, फक्त एक लेव्हल!" आणि "पॉज नाही करता येत गं, ऑनलाइन आहे!" हे संवाद का ऐकू येतात? माणसाला यात एवढं मिळतं तरी काय?

उत्तर शोधायला येरवड्यातच आणखी एका ठिकाणी जाऊ. तुम्हाला वाटलं नसेल अशा ठिकाणी. तुरुंगात.

येरवडा मध्यवर्ती कारागृह भारतातल्या सगळ्यात मोठ्या तुरुंगांपैकी एक. इंग्रजांच्या काळात बांधलेलं, महात्मा गांधींना जिथे ठेवलं होतं तेच. इथल्या काही कैद्यांना इंडियन ऑइल कंपनीच्या 'परिवर्तन' नावाच्या उपक्रमात बुद्धिबळ शिकवलं गेलं. तिकडे अमेरिकेत, शिकागो शहर ज्या कुक काउंटीत येतं तिथल्या शेरीफचं कार्यालय आणि बुद्धिबळाची जागतिक संघटना 'फिडे' मिळून कैद्यांची ऑनलाइन स्पर्धा भरवतात. पट पडद्यावर, सोंगट्या पडद्यावर आणि समोरचा खेळाडू भलत्याच देशातल्या भलत्याच तुरुंगात! येरवड्याच्या संघाने 2022 मध्ये या स्पर्धेत कांस्यपदक पटकावलं आणि 2023 मध्ये थेट सुवर्णपदक.

पदक बाजूला ठेवा जरा. तुरुंगातला दिवस कसा असतो ते डोळ्यांपुढे आणा. कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी बराकीत परतायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. आणि अशा दिवसात अचानक चौसष्ट घरांचा पट समोर येतो. घोडा हलवू की उंट? ठरवणार कोण? मीच. तिथे पहारेकरीही "घोडा काढ" म्हणू शकत नाही.

मानसशास्त्रात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन संशोधकांची जोडी प्रसिद्ध आहे. पोटाला भूक लागते तशा मनालाही तीन भुका असतात, असं ते सांगतात. पहिली, पटापुढच्या त्या कैद्याची: माझं मी ठरवलं पाहिजे. दुसरी, मला काहीतरी जमलं पाहिजे, काल जमत नव्हतं ते आज जमलं पाहिजे. तिसरी, माझं कुणीतरी असलं पाहिजे. 2006 मध्ये रायन यांनी आणखी दोघांना घेऊन व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा अभ्यास केला. ज्या गेममध्ये या भुका भागतात, तो लोकांना जास्त आवडतो आणि पुन्हा खेळावासा वाटतो, असं त्यात दिसलं.

तुमचंच बघा ना. शाळेचा गणवेश तुम्ही ठरवत नाही, तासांचा क्रम ठरवत नाही, डब्यात कारलं असणार की नाही तेही ठरवत नाही. गेममध्ये मात्र तलवार कुठली, टोपी कुठली, डावीकडे जायचं की उजवीकडे, सगळं तुमच्या हातात. शाळेला आणि तुरुंगाला मी एका माळेत बसवत नाहीये हं! (तुम्ही बसवाल, म्हणून आधीच सांगितलं.) तिसरी भूकही समजायला सोपी. वर्गातली पाच पोरं एका संघात असली की गेम निम्मा आणि गप्पा निम्म्या. कित्येकदा गेम हे गप्पांचं निमित्तच असतं.

दुसरी भूक मात्र फार गमतीची, कारण ती भागवायला गेम बनवणाऱ्यांना प्रचंड डोकं लढवावं लागतं. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जपानी गेम घ्या. शिगेरू मियामोटो आणि त्यांच्या सोबत्यांनी केलेला. त्याच्या पहिल्या लेव्हलचे पहिले काही सेकंद बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला, तोंड उजवीकडे. म्हणजे उजवीकडे निघायचं, हे न सांगता कळलं. चार पावलं जाताच समोरून एक रागीट तोंडाचा, भूछत्रासारखा प्राणी चालत येतो. धडकलात तर मेलात, पण हरकत नाही, कारण खेळ नुकताच सुरू झालाय, गमावलं काहीच नाही. पुढच्या वेळी घाबरून उडी मारता. मारिओचं डोकं वरच्या प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला आपटतं आणि टिंग! नाणं. अरेच्चा, ठोकळ्यांना डोकं आपटायचं असतं तर! दुसऱ्या ठोकळ्यातून खरं भूछत्र निघतं, घरंगळत उजवीकडे जातं, पाइपला आपटतं आणि उलटं तुमच्याच अंगावर येतं. चुकवायला जागाच नाही. ते लागतं आणि काय? मारिओ दुप्पट मोठा!

पाठ्यपुस्तक नाही, सूचनांची पाटी नाही, आणि अर्ध्या मिनिटात चार गोष्टी शिकून झाल्या. शिवाय वाटतं असं, की माझ्या मी शोधल्या. मला विचाराल तर कित्येक शिकवण्यांपेक्षा हा तास उत्तम घेतलाय.

जमण्याचं गणितही नाजूक असतं. आपल्याकडे लहान भावंडाला खेळात घेताना 'कच्चा लिंबू' करतात की नाही? तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. दोन दिवस तो खूश असतो. तिसऱ्या दिवशी भोकाड पसरून म्हणतो, "मला नाही व्हायचं कच्चा लिंबू!" कारण हरायची भीतीच नसेल तर जिंकण्याला चव कुठून येणार? फार सोपं असेल तर जांभया, फार अवघड असेल तर वैताग. मिहाय चिक्सेंटमिहाय (हे नाव एका दमात म्हणून दाखवा!) या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीचा अभ्यास केला. त्या पट्टीत माणूस तहानभूक विसरतो. वेळ कुठे गेला, कळत नाही. गेमच्या लेव्हल एकेक पायरीने अवघड होत जातात त्या तुम्हाला या पट्टीत ठेवायलाच.

इथवर सगळं छान छान. आता डोक्याच्या आत डोकावू.

1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठ पुरुषांना एक साधा गेम खेळायला लावला. रणगाडा चालवायचा आणि झेंडे गोळा करायचे. दर लेव्हलला सात पौंड बक्षीस! खेळता खेळता खास यंत्राने त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. मेंदूच्या खोलवरच्या एका भागात डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटत होतं. जितका चांगला खेळ, तितकं जास्त.

डोपामिनला पुष्कळ जण 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते तितकंसं बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत भलतंच दिसलं. माकडाला अवचित रसाचा थेंब मिळाला की त्याच्या डोपामिनच्या पेशी एकदम चेकाळायच्या. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण द्यायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी खूण दिसताच चेकाळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा थंड! खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेहमीपेक्षाही गप्प. म्हणजे या पेशी 'मिळालं' हे मोजत नाहीत. 'वाटलं त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी' हे मोजतात. गेममधली बंद पेटी उघडताना छातीत धडधडतं आणि आतली वस्तू हातात आल्यावर दोन मिनिटांत तिचं काही वाटेनासं होतं, त्याचं कारण इथे आहे.

ही अवचिताची ओढ काही मोबाइलने आणलेली नाही. येरवड्यातच डेक्कन कॉलेज आहे, पुरातत्त्वाच्या अभ्यासासाठी नावाजलेलं. तिथे असलेल्या, संशोधक रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातल्या हस्तलिखितांत वा. ल. मंजुळ या अभ्यासकांना दोन 'मोक्षपट' मिळाले. मोक्षपट म्हणजे आपल्या सापशिडीचा पूर्वज. पन्नास घरं. पहिलं जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. फाशाऐवजी सहा कवड्या. ज्ञानेश्वरांनी हा खेळ धाकट्या सोपान-मुक्ताईला रमवण्यासाठी केला, अशी कथा सांगतात. कवड्यांचा हिशोब करून बघा. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडणार, म्हणजे सहा कवड्यांचे 64 प्रकार. सहाच्या सहा उताण्या पडायची शक्यता 64 मध्ये 1. (खरी कवडी अगदी निम्मी-निम्मी पडत नाही, तेवढं सोडून द्या.) मुठीतून कवड्या सुटल्यापासून पटावर थांबेपर्यंतचा तो क्षण आणि आजच्या गेममध्ये पेटीचं झाकण उघडतानाचा क्षण, दोन्हींत तेच डोपामिन.

फरक एवढाच, की मोक्षपटाच्या कवड्या कुणी दुरून हलवत नव्हतं. आजच्या काही गेममध्ये पेटीत काय निघणार, किती वेळाने निघणार, हे कुणीतरी मुद्दाम ठरवलेलं असतं. तुम्ही उठायला लागलात की नेमकं "उद्या या, 50 नाणी घ्या" असं का झळकतं? उगीच नाही. आणि इथे एक जुना प्रयोग आठवतो. 1973 मध्ये अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रवेड्या मुलांपैकी काहींना सांगितलं, "चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ." त्यांना ते दिलंही. काही दिवसांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तर हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली! आवडीचं काम बक्षिसासाठीचं काम झालं होतं. रोजच्या नाण्यांसाठी कंटाळत कंटाळत गेम उघडणारी मुलं पाहिलीत का? मी पाहिलीत. मोठी माणसंही. काहींचा खेळ तर असा हाताबाहेर जातो, की झोप, अभ्यास, माणसं सगळं सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची आजारांच्या यादीत नोंद केली. पण खेळणाऱ्यांतले अगदी थोडे तिथवर जातात.

सगळे एकाच कारणासाठी खेळतात असंही नाही. रिचर्ड बार्टल हे इंग्रज गृहस्थ, 1978 मध्ये सुरू झालेल्या एका गेमच्या कर्त्यांपैकी एक. त्या गेममध्ये नुसती अक्षरं होती, एकही चित्र नाही, आणि बरेच जण एकदम खेळायचे! बार्टलनी पुढे 1996 मध्ये खेळाडूंचे चार पत्ते पाडले. चौकट म्हणजे गुण आणि खजिना जमवणारे. इस्पीक म्हणजे खोदणारे, प्रत्येक गुहेत डोकावणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला टपली मारण्यात सुख मानणारे. तुमच्या वर्गातले किलवर तुम्हाला माहीतच असतील! मी स्वतः इस्पीक. लढाई सोडून भिंतीमागे काय आहे ते बघत बसतो.

पुण्यात गेम बनतातही बरं का. 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीने 2008 मध्ये इथला एक स्टुडिओ घेतला, आणि नाचायला लावणाऱ्या 'जस्ट डान्स' या गेमच्या कामात पुण्याच्या मंडळींचा हात आहे. पण तुम्हाला कंपनी नको, कॉम्प्युटरही नको. घरातली सापशिडी काढा. कागदाचे तुकडे लावून सगळ्या शिड्या झाका आणि एक डाव खेळा. मग शिड्या उघडून सगळे साप झाका आणि आणखी एक. तिसऱ्या डावात एकच नियम बदला. दरवेळी दोन फासे टाकायचे आणि दोन्हींतला कुठला घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुठल्या डावात कोण आधी कंटाळलं, कोण ओरडलं, कोण "अजून एक डाव!" म्हणालं, ते वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. माझा अंदाज मी लिहून पाकिटात बंद केलाय. तुमची पत्रं आली की मगच फोडणार.