येळवशीची आंबील आणि मुलांचे हात

“विस्तव आहे, इकडे येऊं नकोस. कणीक सांडशील, हात लावूं नकोस. जा, अभ्यासाला बैस.” हीं तीन वाक्यें ज्या घरीं दिवसांतून दहा वेळां उच्चारलीं जात नाहींत, असें सुशिक्षित घर आज विरळा. या बोलण्यांत मायेचा अंश असतो हें खरें. परंतु सोयीचा अंश त्याहून मोठा असतो, हें आपण निदान मनाशीं तरी कबूल करावें. मूल मदतीला आलें म्हणजे काम लवकर आटोपत नाहीं, उलट लांबतें. सांडलवंड होते ती निराळीच. म्हणून आपण त्यास दूर ठेवतों, आणि अशीं बारा वर्षें दूर ठेवल्यावर तेराव्या वर्षीं “घरांतील कामाला मुळीं हात लावीत नाहीं” अशी तक्रारही आपणच करतों!

या दुखण्यावर आमच्या धाराशिव जिल्ह्यांत एक जुनें घरगुती औषध आहे. त्याचें नांव येळवस.

मार्गशीर्ष महिन्याची अमावास्या लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत, तशीच सरहद्दीपलीकडील कर्नाटकांत, शेतांत जाऊन साजरी करितात. लिहितांना तिला वेळ अमावास्या म्हणतात. बोलण्यांत ती येळवस होते. ‘वेळ’ हा शब्द येथें काळ या अर्थाचा नसावा. कानडींत तिळास ‘यळ्ळु’ म्हणतात, आणि तिकडील ‘यळ्ळ अमावास्या’ आपल्या तोंडीं ‘वेळ अमावास्या’ झाली, असें मानण्यास जागा आहे. उमरग्याकडील लोकांस तर कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर. तेथून शब्द आला तर नवल नाहीं. तिथीप्रमाणें हा सण कधीं डिसेंबरांत, तर कधीं जानेवारींत येतो. २०२४ या एकाच इंग्रजी वर्षांत तो दोनदां आला: ११ जानेवारीस आणि ३० डिसेंबरास.

त्या दिवशीं गांवें ओस पडतात आणि शेतें माणसांनीं भरतात. हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, रब्बीची ज्वारी डोलत असते. शेतांत कडब्याची लहानशी खोप उभारितात. तिला कोप म्हणतात. तींत पांच दगड चुन्यानें रंगवून पांडव म्हणून मांडितात, वर शाल किंवा नवें वस्त्र घालितात, नैवेद्य दाखवितात, आणि आंबील शेतांत चोहों बाजूंस शिंपडितात. सायंकाळीं गवताचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोंवतीं फिरतात. मालक, बटाईदार, सालगडी, मजूर असे सर्व एकाच झाडाखालीं जेवतात, आणि वाटेनें जाणाऱ्या अनोळखी माणसासही “या, भज्जी खाऊन जा” म्हणून आग्रह होतो.

आपल्यासारख्या घरांचा या सणाशीं संबंध कसा होता व कसा राहिला, हेंही सांगितलें पाहिजे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. जमीन पुष्कळ ठिकाणीं ब्राह्मण घरांची, आणि घाम कुळाचा, अशी स्थिति. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानें कसणाऱ्यास हक्क मिळाले, आणि तें योग्यच झालें. पुढें मुलें शिकलीं, नोकरीनिमित्त सोलापुरास, पुण्यास गेलीं. ज्यांचें शेत राहिलें त्यांचें बटाईनें राहिलें. आणि सण डब्यांतून घरीं येऊं लागला. दुपारीं बटाईदार भज्जी व आंबील आणून देणार, आपण त्यास नवा टॉवेल देणार, मुलें चमचाभर चाखून “आंबट आहे” म्हणून ताट सारणार. अशी डब्याची येळवस आमच्या घरीं पुष्कळ वर्षें चालली होती.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या जाऊबाईंनीं एके दिवशीं सर्वांसमक्ष सांगून टाकिलें, “यंदां डबा येणार नाहीं. शेतावर जाऊं, आणि मुलें करतील तेवढेंच खाऊं.” तेव्हां घरांत तीन ते अकरा वर्षांचीं सहा मुलें होतीं. सासूबाईंना हा बेत पोरखेळ वाटला. पण जाऊबाईंचा त्यामागें एक नियम होता, आणि तोच या लेखाचा खरा विषय आहे. ज्या कामावांचून पानांतला पदार्थ अडत नाहीं, तें काम मुलास देऊं नये. कणकेचा उरलेला गोळा हातांत देऊन “तूंही कर पोळी” असें म्हणणें हें काम नव्हे, ती समजूत आहे. आणि आपली समजूत घातली जात आहे, हें चार वर्षांच्या मुलासही कळतें.

त्याप्रमाणें वांटणी झाली. तीन-चार वर्षांच्या मुलांकडे शेंगा. तूर, हरभरा व वाटाणा यांचे ओले दाणे हा भज्जीचा प्राण. शेंग चिमटीनें उकलून दाणे वाटींत टाकणें हें लहान बोटांस अगदीं जमणारें काम आहे. त्यांनीं दाणे सोलले नाहींत तर भज्जी नाहीं, हें त्यांस सांगितलेलें असावें. मेथी, पालक व चुका निवडण्यास पांच वर्षांचें मूल पुरतें. पुढें मोठ्या माणसानें दाणे व मूठभर भुईमुगाचे दाणे शिजवून घ्यावे, चिरलेला पाला घालावा, चिंचेच्या कोळांत बेसन कालवून त्यांत सोडावें, मीठ घालून रटरटूं द्यावें, आणि वरून तेलांत जिरें, हिंग व हिरवी मिरची यांची फोडणी द्यावी. कोठें लसूण चालत नसेल तर आलें घालावें.

सहा-सात वर्षांच्या मुलांकडे आंबील. आदल्या रात्रीं एक वाटी ज्वारीचें पीठ, एक वाटी ताक व दोन वाट्या पाणी एकत्र करून गुठळ्या मोडावयाच्या व भांडें झांकून चुलीच्या उबेला ठेवावयाचें. थंडीच्या दिवसांत बारा-चौदा तास तरी लागतात. सकाळीं झांकण काढण्याचा मान ज्यानें पीठ भिजविलें त्याचाच. वर बुडबुडे आलेले असतात, वास आंबूस झालेला असतो. आमच्या सहा वर्षांच्या पुतणीनें भांड्यावर वांकून पाहिलें आणि म्हणाली, “आजी, पीठ श्वास घेतंय!” तिचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. ताकांतील व पिठांतील सूक्ष्म जंतु पिठांतली साखर खातात व तिचें आम्ल करितात. त्याच आम्लानें आंबिलीस चव येते व ती थोडी अधिक टिकते. हा विज्ञानाचा धडा पुस्तकांत मागाहून येईल. भांड्यांत तो आधीं येऊन गेलेला बरा.

नंतर चार वाट्या पाण्यास मीठ घालून उकळी आणावी व भिजविलेलें पीठ पुन्हां ढवळून त्यांत हळूहळू ओतावें. हें काम मोठ्यांचेंच. दाट आंबिलीचा थेंब उडाला तर फार भाजतो. म्हणून मुलानें हातभर अंतरावर उभें राहावें, असा दंडक ठेवावा. पीठ शिजून चकाकी आली म्हणजे उतरवून पूर्ण निवूं द्यावें. मग तीन-चार वाट्या ताक, कुटलेलें आलें किंवा लसूण, जिरेपूड आणि कोथिंबीर घालून ढवळण्यास पुन्हां मुलाच्या हातीं द्यावें.

बाजरीचे उंडे हें तर मुलांच्याच हातचें काम. बाजरीच्या पिठांत मीठ व तीळ घालून तें कढत पाण्यानें मळावें. कढत पाणी कां, असें मूल विचारील. तेव्हां “तसेंच करतात” असें उत्तर देऊं नये. गव्हांत ग्लूटेन नांवाचा चिवट अंश असतो, तो बाजरींत नसतो. म्हणून थंड पाण्यानें पीठ भुसभुशीत राहतें, आणि कढत पाण्यानें त्यांतील पिष्ट फुगून गोळा धरतो. पीठ कोमट झाल्यावर मुलांनीं लिंबाएवढे गोळे वळावे. चाळणीवर ठेवून पंधरा-वीस मिनिटें वाफवावे. कोणाचा उंडा वांकडा, कोणाचा चपटा. पण पानावर आपला उंडा कोणता हें प्रत्येकास ओळखूं येतें.

आठ वर्षांवरील मुलांनीं सालगड्याच्या मुलांबरोबर कोप उभारिली. पहिली दोनदां पडली. पेंढ्यांचे बुडखे पसरून शेंडे एकत्र बांधावयाचे, ही युक्ति आमच्या शाळेंत जाणाऱ्या मुलांस ठाऊक नव्हती. ती त्या मुलांनीं शिकविली. गुरु कोण आणि शिष्य कोण, हें त्या दिवशीं बांधावर न सांगतां ठरलें.

आणि मग तें झालें. आंबिलीचा तांब्या पुतणीनें भिजविला, ढवळला, म्हणून तोच उचलून पांडवांपर्यंत नेण्याचा हट्टही तिचाच. ढेकळांत पाय अडखळला, ती पडली, आणि निम्म्याहून अधिक आंबील काळ्या मातींत गेली. मूल रडावयास लागलें. माझ्या तोंडीं “तरी सांगत होतें” हे शब्द आलेच होते. इतक्यांत सालगड्याची बायको पुढें आली, तिला उचललें, परकर झटकला आणि म्हणाली, “असू द्या वैनी. आपुन शिंपडायलाच चाललो व्हतो. लेकरानं आधीच पाजली भुईला.”

जेवतांना आमच्याकडील आंबील पुरणार नाहीं हें दिसतच होतें. तिनें आपल्या घरचा डेरा मध्यें आणून ठेविला. सासूबाई क्षणभर थांबल्या. त्यांच्या पिढीचें सोंवळें आम्हां सर्वांस ठाऊक होतें; त्या घरचें शिजविलेलें अन्न त्यांनीं जन्मांत घेतलें नव्हतें. सहाही नातवंडें त्यांच्याकडे पाहत होतीं. मग त्यांनीं कांहीं न बोलतां आपला पेला पुढें केला. त्या विषयावर आमच्या घरीं नंतरही कधीं कोणीं व्याख्यान दिलें नाहीं. त्याची गरज उरली नाहीं. मुलांनीं पाहावयाचें तें पाहिलें होतें.

हें सर्व मोठ्या शिक्षणशास्त्रज्ञांनींही निराळ्या शब्दांत सांगितलेलें आहे. मारिया माँटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोम येथील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडिलें. तेथें लहान मुलें टेबल मांडीत, सूप वाढीत, भांडीं धूत. खोटीं नव्हे, खरीं भांडीं, फुटणारीं. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस १९४५ पासून व पुढें कोसबाडास जें काम केलें, त्यांत पानें, बिया, शिंपले, गारगोट्या हींच साधनें होतीं. विकतच्या खेळण्यांवांचून त्यांचें अडलें नाहीं. आपल्या घरीं शेंगा आहेत, पीठ आहे, ताक आहे. उणीव आहे ती धीराची.

आज शेतें बदललीं आहेत. सोयाबीन पुष्कळ वाढलें, ज्वारी कमी झाली. कोपीस कडबा न मिळाल्यास तुराट्यांवर साडी टाकून काम भागवितात. शेत नाहींच अशीं घरेंही पुष्कळ. त्यांनीं गच्चींत किंवा अंगणांत चार काठ्यांची कोप करावी, शेंगा बाजारांतून आणाव्या, आंबील कुंड्यांतील मातीस शिंपडावी. एक गोष्ट मात्र सोडूं नये. घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, दूधवाला, पहारेकरी यांच्यापैकीं एका तरी घरास मुलांबरोबर जेवावयास बोलवावें, आणि त्यांच्या घरचा एक पदार्थ आपल्या पानांत घ्यावा. नुसतें देणें म्हणजे येळवस नव्हे. घेणेंही तीतच आहे.

आमची ती पुतणी आतां पुण्यास असते. तिला चार वर्षांचा मुलगा आहे. मार्गशीर्ष संपत आला कीं तिचा फोन येतो, आणि प्रश्न दरवर्षीं तोच असतो: “काकू, पीठ आज भिजवूं कीं उद्यां?” मागल्या खेपेस तिच्या पाठीमागून मुलाचा आवाज ऐकूं आला, “मी ढवळणार!” ती त्याला काय म्हणते, म्हणून मी कान देऊन राहिलें. ती म्हणाली, “ये. बाह्या वर कर आधी.”