ॲनफील्डवरचा शनिवार

प्रीमियर लीगचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, पण लिव्हरपूल क्लबच्या ॲनफील्ड मैदानावर जाणाऱ्या पाठीराख्याचा त्यात अख्खा दिवस जातो. शनिवारी दुपारी ३ ही सामन्याची जुनी वेळ आहे. कारखान्यांतील कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळू लागली आणि त्या सवडीभोवती इंग्लिश फुटबॉल वाढला. आता दूरचित्रवाणीसाठी अनेक सामने दुपारी साडेबाराला, संध्याकाळी साडेपाचला किंवा रविवारी हलवले जातात, आणि लांबून येणाऱ्यांची रेल्वेची आरक्षणे त्यात फुकट जातात. एक गमतीची गोष्ट अशी की, शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये सामन्याचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. खालच्या विभागांतील छोट्या क्लबांची तिकीटविक्री बुडू नये म्हणून १९६० च्या दशकापासून हा नियम चालत आला आहे. त्यामुळे तीनचा सामना पुण्या-मुंबईत रात्री घरबसल्या पाहता येतो. मैदानापासून चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्याला मात्र तिकीट नसेल तर तो दिसत नाही.

शहराच्या मध्यभागातील लाइम स्ट्रीट स्थानकापासून मैदान सुमारे तीन किलोमीटरवर आहे. सामन्याच्या दिवशी ९१७ क्रमांकाची खास बस धावते, तरी पुष्कळ जण चालतच जातात. लाल विटांच्या चाळवजा घरांच्या ओळी संपता संपता मैदान एकदम समोर उभे राहते. गल्ल्यांच्या तोंडाशी मफलर आणि बिल्ले विकणारे, तळलेले मासे आणि बटाट्याच्या कापांची दुकाने, आणि दारापर्यंत भरलेले पब, अशी जत्रेची दाटी तिथे असते. यांपैकी ‘सँडन’ या पबला इतिहास आहे. त्याचे मालक जॉन हौल्डिंग यांच्याशी ॲनफील्डच्या भाड्यावरून वाद झाला आणि १८९२ मध्ये तिथे खेळणारा एव्हर्टन क्लब मैदान सोडून निघून गेला. रिकाम्या मैदानासाठी हौल्डिंग यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. दोन्ही क्लबांचे वैर तेव्हापासूनचे. तरीही २०१५ मध्ये त्यांच्याच पाठीराख्यांनी एकत्र येऊन गरजूंसाठी अन्न गोळा करण्याची मोहीम सुरू केली. सामन्याला येताना लोक डबाबंद पदार्थ, पास्ता, लहान मुलांचे डायपर पिशवीत घेऊन येतात आणि मैदानाबाहेरच्या गाडीपाशी देतात. या दिवसातले सर्वांत मोलाचे दृश्य हेच म्हटले पाहिजे.

मैदानात शिरण्यापूर्वी अनेकांची पावले मेन स्टँडजवळच्या स्मारकाशी थांबतात. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीमुळे लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांना प्राण गमवावे लागले. त्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. प्रेक्षकांनाच दोषी ठरवण्याचा प्रयत्न त्या वेळी झाला; तो आरोप खोटा होता हे न्यायालयीन चौकशीत मान्य व्हायला २०१६ साल उजाडले. आजचे इंग्लिश मैदान जसे दिसते, ते या दुर्घटनेमुळे. तिच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या दोन विभागांत उभ्याने सामना पाहण्याची जागा बंद करून सर्वत्र आसने बसवण्यात आली. अलीकडे, २०२२ पासून, आसनांपुढे भक्कम कठडे असतील अशा ठिकाणी उभे राहण्यास पुन्हा परवानगी मिळू लागली आहे.

प्रवेशद्वारावर आता कागदी तिकीट लागत नाही, मोबाइल टेकवला की फाटक फिरते. आत बिअर मिळते, मात्र १९८५ च्या कायद्यानुसार हिरवळ दिसेल अशा जागी ती पिता येत नाही. म्हणून मध्यंतरात सगळी गर्दी स्टँडखालच्या बोळांत उतरते. बिअरच्या जोडीला गरम ‘पाय’, म्हणजे मांसाचे सारण भरलेली कचोरी, ठरलेलीच.

मैदानाची क्षमता सुमारे ६१ हजार आहे, पण जीव आहे तो एका गोलामागच्या ‘कॉप’ या स्टँडमध्ये. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कॉप या टेकडीचे. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे ब्रिटिश सैन्याची मोठी हानी झाली, आणि मृतांत लिव्हरपूल परिसरातले बरेच सैनिक होते. त्याच टेकडीवरून जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते. खेळाडू मैदानात उतरताना कॉपवर मफलर उंच धरले जातात आणि ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ सुरू होते. मूळचे १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या संगीतिकेतले हे गाणे १९६३ मध्ये शहरातल्याच गेरी अँड द पेसमेकर्स या वाद्यवृंदाने गाजवले आणि कॉपने ते आपलेसे केले. उत्तरार्धात कॉपच्या दिशेने चढाई करायला संघाला आवडते. शेवटच्या मिनिटांत तो आवाज पाठीशी हवा असतो.

हाच कॉप गप्पही बसत नाही. २०१६ मध्ये नव्या मेन स्टँडमधील काही तिकिटे ७७ पौंडांना विकण्याचे ठरले. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्धच्या सामन्यात, बरोबर ७७ व्या मिनिटाला, हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होता. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

सामना संपल्यावर अरुंद गल्ल्यांतून बाहेर पडायला वेळ लागतो. बससाठी लांब रांगा लागतात, पब पुन्हा भरतात. पुढचा सामना परगावी असेल तर वेगळी धडपड सुरू होते. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी साधारण ३,००० जागा राखीव असतात. पाठीराख्यांनी लावून धरलेल्या मागणीमुळे २०१६-१७ च्या हंगामापासून त्या तिकिटांवर ३० पौंडांची कमाल मर्यादा आली. मागणी जागांच्या कितीतरी पट, त्यामुळे आधी किती परगावच्या सामन्यांना हजेरी लावली यावर तिकिटाचा हक्क ठरतो.